जुन्या लॅपटॉपचा डिस्प्ले गेला तेव्हा: गुहागर ते चिपळूण, एक महिना

आषाढी एकादशीला, म्हणजे ६ जुलै २०२५ ला संध्याकाळी, माझ्या लॅपटॉपच्या डिस्प्लेवर पहिल्यांदा गुलाबी रेघा उमटल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, पडवीत पागोळ्यांचा आवाज भरून राहिला होता, आणि मी वाडीच्या भजन मंडळाचं आरतीचं पुस्तक जुळवत बसले होते. झाकण जरा मागे रेटलं की रेघा जायच्या, पुढे घेतलं की परत यायच्या. उपासाचा दिवस, डोकं जड झालेलं. झाकण जिथे बरं दिसेल तिथे ठेवलं आणि काम पुढे चालू केलं. ९ तारखेला बुधवारी सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरला, कॅप्स लॉकचा दिवा लागला आणि समोर नुसता काळोख. पोटात गोळा आला. गणपती २७ ऑगस्टला होते आणि पुस्तकाची पानं निम्मीसुद्धा झाली नव्हती.

पुढचा महिना मी हाच एक प्रश्न घेऊन फिरत होते. आमच्याकडे याबद्दल विचारायला माणूस पटकन मिळत नाही. मिळाला तरी बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "डिस्प्ले गेला, बदलावा लागेल." म्हणून तारखा, पैसे, चुका, जे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. कुणाला तरी हे वाचून एखादा फेरा वाचला तर बरं.

मी गुहागरात राहते. आमचं आगर ओलांडलं की पुढे सुरूची झाडं आणि मग समुद्र. घरी बसून डीटीपीची कामं करते: लग्नपत्रिका, शिमग्याची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, कुणाच्या वडिलांच्या आठवणींची पुस्तिका. लॅपटॉप २०१४ सालचा, १५.६ इंची. त्यात अकरा वर्षांच्या फाइली आहेत आणि त्यातल्या निम्म्या युनिकोडच्या (म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असेल, असा मजकूर युनिकोडमध्ये बदलला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागते. त्यात माझं जुळणीचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या लॅपटॉपवर ते चालेल याची खात्री नव्हती.

नवरा म्हणाला, "अकरा वर्षं झाली. नवीन घेऊन टाक ना." त्याचंही चुकीचं नव्हतं. या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती. इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. पण माझे बँकेचे व्यवहार फोनवरून होतात आणि हा लॅपटॉप एरवीही फार वेळ इंटरनेटला जोडलेला नसतो. नव्याला चाळीस हजार घालायचे आणि वर ऐन गणपतीच्या तोंडावर सगळं काम नव्या जागी हलवायचं, हे मला झेपणारं नव्हतं. दुरुस्तीवर चार हजारांपेक्षा जास्त जात असतील तर नवीन, नाहीतर हाच, असं आम्ही ठरवलं. हा आकडा आधीच ठरवून ठेवल्याचा मला पुढे फार उपयोग झाला. दुकानात उभं राहून असले निर्णय नीट होत नाहीत.

त्या बुधवारी दुपारी पहिल्यांदा नीट बघायला बसले. माझा पुण्याचा मामेभाऊ हार्डवेअरमधला नाही, पण त्याचा लॅपटॉप असाच बिघडला होता. त्याने फोनवरून एकेक करून करायला लावलं.

खोलीची दारं-खिडक्या लावून काळोख केला आणि मोबाइलचा टॉर्च काळ्या डिस्प्लेला अगदी जवळ, तिरपा धरला. आणि दिसलं! फोल्डरची चित्रं, खालची पट्टी, सगळं पुसट, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं. मला इतकं बरं वाटलं की मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं. याचा अर्थ असा की चित्र तयार होत होतं, त्याच्यामागे जो उजेड लागतो तो लागत नव्हता. एलसीडी स्वतः उजळत नाही. तिच्या कडेला एलईडीची बारीक पट्टी असते, तिचा उजेड मागून सगळीकडे पसरतो. साधारण २०१० च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये एलईडीच्या जागी एक बारीक नळी आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर असायचा. तेव्हा तुमचा लॅपटॉप त्या काळातला असेल तर हा इन्व्हर्टरही संशयितांत धरा. माझ्यात तो प्रश्न नव्हता.

मग झाकण अगदी हळू, बोटभर बोटभर पुढे-मागे केलं. एका ठराविक जागी उजेड क्षणभर लागायचा आणि जायचा. भावाने एक प्रश्न विचारला जो मला सुचला नसता: "चालू करताना कंपनीचं चिन्ह येतं, तेव्हाही असंच होतं का?" झाकण त्या जागी धरून पुन्हा चालू केलं. होत होतं, गुलाबी रेघांसकट. विंडोज सुरू होण्याआधीच रेघा असतील तर दोष विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा नाही, म्हणजे कुणी "विंडोज नवीन टाकून बघू" म्हणालं तर त्याला नको म्हणायचं. अकरा वर्षांच्या फाइली असलेल्या मशीनच्या बाबतीत हे माहीत असणं फार महत्त्वाचं आहे.

शेवटची परीक्षा टीव्हीची. घरात लॅपटॉप टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल नव्हती. शृंगारतळीला जाणाऱ्या शेजारच्या वहिनींना सांगितलं, त्यांनी संध्याकाळी २८० रुपयांना आणून दिली. जोडली, तरी टीव्हीवर काही येईना. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबायचं, मग खालचा बाण एकदा, मग एन्टर, आणि हे सगळं न बघता. दुसऱ्या प्रयत्नात माजघरातल्या टीव्हीवर माझं आरतीचं पुस्तक उघडलं. रंग स्वच्छ, एकही रेघ नाही. म्हणजे मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आणि चित्र तयार करणारा ग्राफिक्सचा भाग धड होता. दोष राहिला तो बोर्डापासून झाकणापर्यंतच्या रस्त्यात: केबल, पॅनेल (झाकणातला चित्र दाखवणारा पडदा), फार तर बोर्डावरचा उजेडाचा फ्यूज.

चित्र मिळाल्यावर पहिलं काम म्हणून सगळ्या फाइली आणि फॉन्टचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. फॉन्टचं विसरू नका. नुसत्या फाइली घेतल्या आणि फॉन्ट राहिले तर दुसऱ्या मशीनवर मराठीऐवजी इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो. रात्री अकरा वाजले, मध्ये दोनदा लाईट गेली, पण झालं.

टीव्हीवर काम करताना एक अडचण आली. चारी कडांनी चित्र कापलं जात होतं, खालची पट्टीच दिसत नव्हती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या आकाराखाली 'जस्ट स्कॅन' निवडल्यावर पूर्ण पान दिसायला लागलं. काही टीव्हींवर यालाच 'स्क्रीन फिट' म्हणतात. पुढचे चार आठवडे सासूबाईंनी त्यांच्या संध्याकाळच्या मालिका माझ्यासाठी सोडल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं बसायचं पाट-लोड त्यांनी स्वतःच उचलून ओटीवर नेलं, ते मी विसरणार नाही.

१० जुलैला लॅपटॉपच्या कंपनीला फोन केला. लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर सांगितला, तो पुसट झाला होता, भिंग लावून वाचावा लागला. वॉरंटी अर्थातच संपलेली. १४ तारखेला ईमेलने अंदाजपत्रक आलं: 'डिस्प्ले असेंब्ली' बारा हजार, वर १८ टक्के जीएसटी, मिळून १४,१६० रुपये. तपासणीचे ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९० रुपये वेगळे, दुरुस्ती केली नाही तरी ते परत मिळणार नाहीत. भाग मिळेलच याची हमी नाही. मी विचारलं, नुसती केबल मिळेल का? सुटा भाग देत नाहीत असं उत्तर आलं. लेखी अंदाज हातात असणं मात्र चांगलं. पुढे कुणी आकडा सांगितला की तुलनेला काहीतरी असतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. मुलगा चांगला बोलायला, पण त्याने झाकण उघडून एकदा बघितलं आणि म्हणाला, "पॅनेल गेलाय ताई. साडेपाच हजार." मी टॉर्चचं सांगितलं, झाकण हलवल्यावर उजेड येतो ते दाखवलं. तो म्हणाला, "सगळ्यांचं असंच होतं." कोणत्या नंबरचं पॅनेल घालणार विचारलं तर, "येईल तेव्हा बघू." मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाले. न उघडता सांगितलेल्या निदानावर साडेपाच हजार घालवायला मन तयार होईना.

पण मग मी स्वतःच तीच चूक केली, आणि ती इथे लिहिणं मला भाग आहे. दोघांनी 'पॅनेल' म्हटल्यावर माझाही विश्वास डळमळला. १७ जुलैला एका ऑनलाइन विक्रेत्याकडे माझ्या लॅपटॉपचं मॉडेल टाकून पॅनेल मागवलं, ३,६५० रुपये. २३ तारखेला आलं. खोकं फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढला, हे एक शहाणपण केलं. शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा मदतीला आला. खालचे दोन खटके सरकवून बॅटरी काढली, डिस्प्लेच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांतली रबराची बुचं काढून आतले स्क्रू सोडवले, जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने चौकट कडेकडेने उचकटली. कट् कट् आवाज येतो तेव्हा धस्स होतं, पण ते खटकेच असतात. पॅनेलचे चार स्क्रू काढून ते हलकेच पुढे झुकवलं आणि पाठीमागचं स्टिकर बघितलं.

तिथे सगळा उलगडा झाला. माझ्या पॅनेलवर 'एन१५६बीजीई' आणि पुढे 'ई' होतं. नव्या पॅनेलवर 'एन१५६बीजीई' आणि पुढे 'एल'. आकार तोच, १३६६ बाय ७६८ तेच, पण 'ई'वाल्याला ३० पिनांची जोडणी लागते आणि 'एल'वाल्याला ४० पिनांची. केबलचं टोक त्यात जातच नाही. २०१३-१४ च्या सुमारास ४० पिनांची जुनी पद्धत मागे पडून ३० पिनांची नवी रुळत होती, त्यामुळे त्या काळातल्या लॅपटॉपच्या बाबतीत नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये. पॅनेल मागवायचंच असेल तर आधी उघडा, मागच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो काढा, आणि पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट, जुळवा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा वेळ गेल्याचं दुःख जास्त होतं. मंडळाचे बुवा रोज संध्याकाळी फोन करायचे, "झालं का गो बाय पुस्तक?" आणि मी "होतंय" म्हणायची.

पॅनेल परत पाठवणं हाही एक उद्योगच झाला. २५ तारखेला पिकअप रद्द, २६ ला रद्द, दोन्हीचं कारण 'ग्राहक उपलब्ध नाही', आणि मी दिवसभर ओटीवर. २९ ला, नागपंचमीला, अखेर माणूस येऊन घेऊन गेला. मी त्याच्याकडून पोचपावतीचा फोटो घेतला. तरी पैसे परत यायचं नाव नाही. ४ ऑगस्टला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. मराठीतून बोलता येतं. ऑर्डरचा नंबर, तारखा, पोचपावती, व्हिडिओ आहे हे सगळं सांगितलं, त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला. ८ ऑगस्टला पूर्ण रक्कम खात्यात आली. तक्रारीमुळे आली की आपसूक, सांगता येणार नाही, पण अशा वेळी कागद आणि तारखा हाताशी असल्या की बोलताना आवाज कापत नाही.

मधल्या काळात, २८ जुलैला सोमवारी, मी सकाळच्या एसटीने चिपळूणला गेले. शृंगारतळी, मार्गताम्हाने करत गाडी पावणेदोन तासांनी पोचली. लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, वर टॉवेल, मग बॅग. पावसात हे हवंच. ज्या दादांकडे गेले त्यांचं नाव पतसंस्थेतल्या एका ताईंनी दिलं होतं. बाजारपेठेत आत, एक गाळा. आत शिरल्याबरोबर दिसतं ते असं की जमिनीवर आणि खालच्या फळ्यांवर काहीच नाही, सगळा माल डोक्याच्या वर. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचा सगळा गाळा पाण्याखाली गेला होता. पंख्याच्याही वर भिंतीवर एक मातकट रेघ त्यांनी तशीच राहू दिली आहे. "पूर ओसरल्यावर दोन महिने लोकांचे लॅपटॉप धूत होतो," ते म्हणाले. "चिखल धुऊन निघतो ताई. तुमच्या गुहागरची खारी हवा हळूहळू खाते, ती कळत नाही."

त्यांनी आधी मला पूर्ण बोलू दिलं. टॉर्च, टीव्ही, झाकणाचा कोन, स्टिकरचा फोटो, सगळं. मग म्हणाले, "बसा, तुमच्यासमोर उघडतो." बॅटरी काढली आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. आतली उरलीसुरली वीज जावी म्हणून हे करतात. वीज चालू असताना डिस्प्लेची केबल काढली-घातली तर बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो आणि मग हजाराच्या कामाचे कितीतरी हजार होतात. आम्ही घरी बॅटरी काढली होती, पण बटण दाबलं नव्हतं. नशीब चांगलं.

त्यांच्याकडे तपासणीसाठी ठेवलेलं ३० पिनांचं एक चांगलं पॅनेल होतं. ते त्यांनी माझ्या केबलला जोडलं. उजेड आला. मग बिजागरीपाशी केबल बोटाने हलवली, आणि त्यांचं चांगलं पॅनेलही लुकलुकायला लागलं, त्याच गुलाबी रेघांसकट. ते माझ्याकडे बघून नुसते हसले. पॅनेल बदललं आणि रोग तोच राहिला, म्हणजे रोग केबलमध्ये. साडेपाच हजार देऊन मी नवं पॅनेल बसवलं असतं तर ते घरी पोचेपर्यंत असंच लुकलुकलं असतं.

केबल बाहेर काढल्यावर कारणही दिसलं. उजवी बिजागरी गंजून घट्ट झाली होती. झाकण उघडताना सगळा जोर तिच्या बुडाशी असलेल्या प्लॅस्टिकवर यायचा, त्यातले स्क्रू धरणारे पितळेचे दोन आटे उखडले होते, आणि सैल झालेली बिजागरी प्रत्येक उघडझापीला केबल चिमटीत धरत होती. वरचं काळं आवरण फाटलेलं, आतली केसासारखी एक वायर तुटलेली, दुसरी तुटायच्या बेतात. टोकाच्या पिनांवर हिरवट पूड. ती त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केली. अकरा वर्षं मी झाकण उजव्या कोपऱ्याला धरून उघडत आले, कारण डाव्या हाताला चहाचा कप असायचा.

केबलवर छापलेला 'डीसी०२'ने सुरू होणारा नंबर त्यांनी वहीत उतरवला, माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि तिथल्या तिथे मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात फोन लावला. केबल ८५०, मजुरी आणि बिजागरीचं काम ८००. ५०० आगाऊ दिले. पावती मागितली तर कुरकुर न करता दिली. तिच्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर, काय बदलणार, किती दिवस आणि केबलवर तीन महिन्यांची हमी, सगळं लिहून घेतलं. लॅपटॉप ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी टीव्हीवर काम चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा जुनी केबल बोर्डापासून सोडवून ठेवली आणि म्हणाले, "आता बिनधास्त टीव्हीला लावा. ही तुटकी वायर जोडलेली राहिली तर कधीतरी शॉर्ट होईल." ज्यांना ठेवावाच लागेल त्यांना सांगते, पासवर्ड देऊ नका. डिस्प्ले तपासायला आत शिरावं लागत नाही.

मग वाट बघणं. चार-पाच दिवस म्हणाले होते, दहा लागले. पावसाने कुरिअर मागे पडलं होतं. मी रोज फोन केला नाही, एक दिवसाआड केला. या दहा दिवसांत पुस्तकाची चौसष्ट पानं टीव्हीवर लावून झाली. मान अवघडायची. देणगीदारांची नावं तपासायला मंडळाची चार माणसं माजघरात येऊन बसली आणि मोठ्या पडद्यावर बघून त्यांनी सात चुका काढल्या, त्या लॅपटॉपवर कुणाला दिसल्या नसत्या.

६ ऑगस्टला संध्याकाळी फोन आला, ७ ला गुरुवारी गेले. काम दीड तासाचं. नंबर आधी दोघांनी मिळून जुळवला. उखडलेले पितळेचे आटे इपॉक्सीने परत बसवले, ते सुकायला वेळ लागतो म्हणून तोवर बिजागरीचा नट किंचित सैल करून तेल दिलं. केबल पूर्वीसारखी ताणून न नेता वळणावर थोडी ढील ठेवून चिकटपट्टीने बसवली. चौकट लावायच्या आधीच चालू करून दाखवलं, झाकण वीस वेळा पुढे-मागे केलं. उजेड ढळला नाही. मला एकदम भरून आलं. अगदी साधी गोष्ट, वर्षानुवर्षं समोर असलेली, आणि ती परत दिसल्यावर काय वाटतं ते सांगता येत नाही.

खालच्या कडेला एक मळकट, अंधारा पट्टा मात्र होता. आधीपासूनच असावा, माझं लक्ष नव्हतं. मी विचारलं, पॅनेलही बदलू का? ते म्हणाले, "आता नको. एलईडी जुने झालेत, पण चालतायत. बंद पडतील तेव्हा फोन करा, नंबर माझ्याकडे आहे." पैसे मिळत असताना नको म्हणणारा माणूस मी जपून ठेवते.

घरी आल्यावर एक धक्का बसलाच. वायफाय अगदी मंद. राउटरच्या शेजारी बसल्याशिवाय लागेना. दादांना फोन केला तर त्यांनी लगेच ओळखलं: वायफायच्या अँटेना झाकणात असतात, त्यांच्या काळ्या-पांढऱ्या दोन वायरी त्याच बिजागरीतून खाली येतात, काम करताना त्यातली एक निसटली असणार. व्हिडिओ कॉलवर बघून खालचं छोटं झाकण काढलं, बॅटरी आधी काढली, आणि वायफायच्या कार्डावर सुटलेलं टिकलीएवढं टोक बोटाने दाबलं. टक् झालं आणि बसलं. तुम्ही डिस्प्लेचं काम करून घ्याल तेव्हा दुकानातून निघण्याआधी वायफाय, कॅमेरा आणि माइक तपासून घ्या. तिन्हींच्या वायरी बहुधा तिथूनच जातात.

एकूण खर्च १,९३० रुपये झाला, त्यात ती एचडीएमआय केबलही धरली आहे. चिपळूणच्या दोन फेऱ्या वेगळ्या, पण एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने ते फार नाही. वेळ मात्र एक महिना गेला, आणि त्यातले बारा दिवस चुकीच्या पॅनेलच्या नादात.

१८ ऑगस्टला पुस्तक छापखान्यात गेलं, २४ ला गठ्ठे आले. मुंबईहून चाकरमानी उतरायला लागले होते. पहिली प्रत बुवांनी देवासमोर ठेवली.

आता पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन् महिने कपाटात बंद ठेवत नाही. रोज तासभर तरी चालू असतो, त्याची आतली ऊबच ओल धरू देत नाही. ठेवतो त्या खणात सिलिका जेलच्या पिशव्या आहेत, पंधरा दिवसांनी त्या उन्हात किंवा तव्याच्या उबेवर सुकवते. समुद्राकडची खिडकी कामाच्या वेळी बंद. आणि झाकण उघडते ते वरच्या कडेला, बरोबर मध्ये धरून. कप बाजूला ठेवून.

खालचा मळकट पट्टा अजून आहे तसाच आहे. काळ्या मजकुराला तो चालतो. पत्रिकांचे रंग बघायचे असले की मी एचडीएमआय जोडते, आणि सासूबाई विचारतात, "किती वेळ लागेल?"